भाड्याची बस आणि बेवारस जबाबदारी

मुंबईच्या रस्त्यावर धावणाऱ्या बहुसंख्य बसगाड्यांवर नाव बेस्टचे असते, मार्गाचा क्रमांक बेस्टचा असतो आणि तिकिटाचा पैसाही बेस्टच्या गल्ल्यात जातो. गाडी मात्र कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा आणि गाडीची देखभालही कंत्राटदाराचीच. थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाला हा भेद दिसत नाही. दिसण्याचे कारणही नाही. तो बेस्टची बस म्हणून तीत चढतो. काही विपरीत घडले की मात्र त्याला सांगण्यात येते की ती बस बेस्टची नव्हतीच.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर नेमके हेच घडले. ३३२ क्रमांकाच्या मार्गावरील बारा मीटर लांबीची विजेवर चालणारी बस गर्दीत घुसली, वाटेतली वाहने आणि माणसे चिरडत गेली. पहिल्या दिवसांत मृतांची संख्या सात सांगण्यात आली, पुढे ती नऊवर गेली. चालकाला त्याच रात्री अटक झाली. लहान गाड्या चालविण्याची सवय असलेल्या या माणसाला एवढ्या मोठ्या स्वयंचलित गाडीचा पुरेसा सराव नव्हता, त्याला मिळालेले प्रशिक्षण अवघ्या काही दिवसांचे होते, ही गोष्ट त्यानंतरच्या तपासात पुढे आली. न्यायालयाला जे ठरवायचे ते न्यायालय ठरवील. परंतु त्या रात्रीची साखळी पाहण्यासारखी आहे. गाडी एका कंपनीची, चालक पुरविणारी कंपनी दुसरी, वाहक बेस्टचा आणि रस्ता महापालिकेचा. एवढे मालक असलेल्या बसची जबाबदारी घेण्यास दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीही पुढे नव्हते. अपुऱ्या सरावाच्या माणसाला चालकाच्या आसनावर बसविण्याची परवानगी कोणी दिली, त्याच्या प्रशिक्षणाच्या कागदावर कोणाची सही होती, हे प्रश्न चालकाच्या अटकेने सुटत नाहीत.

ही अवस्था आपोआप आलेली नाही. इंग्रज भांडवलाच्या कंपनीकडून वीज आणि वाहतूक मुंबई महापालिकेने ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, आपल्या ताब्यात घेतली. शहराची वाहतूक नफ्याच्या हिशेबावर सोडता येत नाही, हा त्यामागचा विचार होता. त्या विचारावर बेस्टने अनेक दशके एक व्यवस्था उभी केली. स्वतःची आगारे, स्वतःच्या कार्यशाळा, चालकांचे स्वतःचे प्रशिक्षण आणि एकेकाळी चार हजारांहून अधिक बसगाड्या. गाडी नादुरुस्त झाली तर आगारातला कोणता माणूस जबाबदार हे ठाऊक असे. चालकाची चूक झाली तर त्याची चौकशी होई आणि त्याच्या बाजूने उभी राहणारी संघटनाही असे. त्या व्यवस्थेत दोष नव्हते असे कोणी म्हणणार नाही. परंतु जाब विचारायला एक दरवाजा होता.

जानेवारी २०१९ मध्ये बेस्टच्या कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला. त्यानंतर त्याच वर्षी भाड्याच्या बसगाड्यांची वाट मोकळी झाली. कामगार संघटनेशी झालेल्या करारात बेस्टच्या मालकीच्या ३३३७ बसगाड्या कायम राखण्याचे वचन होते. त्या वचनाचे काय झाले ते प्रत्येक आगारात दिसते. जुन्या गाड्या आयुर्मान संपून भंगारात गेल्या, त्यांच्या जागी स्वतःच्या गाड्या पुरेशा आल्याच नाहीत, आणि ठरलेल्या आकड्याचा एक लहानसा अंश तेवढा मालकीचा उरला. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपये करण्यात आले तेव्हा भाड्याच्या बसगाड्यांमुळे खर्च उतरेल, असे सांगण्यात आले होते. ९ मे २०२५ पासून ते भाडे दहा रुपये झाले, वातानुकूलित गाडीचे सहाचे बारा. खाजगी कार्यक्षमतेचा हा हिशेब प्रवाशांनी आपापल्या खिशात मांडून पाहिला आहे.

या पद्धतीचे मर्म दराच्या रचनेत आहे. गाडी जितके किलोमीटर धावेल तितक्या किलोमीटरचे पैसे कंत्राटदाराला मिळतात. बसमध्ये माणसे किती, ती वेळेवर पोचली का, याच्याशी त्याच्या देयकाचा संबंध अत्यल्प. निविदा सर्वांत कमी दराची स्वीकारली जाते. म्हणजे काम मिळविण्यासाठी दर खाली आणायचा आणि काम मिळाल्यावर खर्च खाली आणायचा. इंधनाचा भाव कंत्राटदाराच्या हातात नाही, कर्जाचा हप्ता हातात नाही. हातात उरतात दोनच गोष्टी, गाडीची देखभाल आणि चालकाचा पगार. कात्री तिथेच लागते. कंत्राटात दंडाची कलमे असतात. फेरी चुकली तर इतके, गाडी बंद पडली तर तितके. परंतु दंड देयकातून वजा होतो, आणि कसलेला कंत्राटदार तो आपल्या खर्चाच्या वहीत आधीच लिहून ठेवतो. पोटकंत्राटदाराकडून आलेल्या चालकाच्या पगारात तो पुढे कसा उतरतो, हे चालकच सांगू शकतील.

फेब्रुवारी २०२३ मध्ये महिन्याभरात आगीच्या तीन घटना घडल्यानंतर एका कंत्राटदाराच्या ४०० गाड्या रस्त्यावरून काढून घ्याव्या लागल्या. निर्णय योग्यच होता. पण त्याची शिक्षा कोणाला झाली? थांब्यावर तासभर ताटकळणाऱ्या माणसाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंत्राटी चालकांनी पगारवाढीसाठी काम बंद केले. त्यांच्या मागण्यांत एक मागणी बेस्टच्या बसमधून मोफत प्रवासाची होती. बेस्टची बस चालविणाऱ्याला बेस्टच्या बसमधून घरी जाण्यासाठी तेव्हा तिकीट काढावे लागत होते, एवढ्यावरून या व्यवस्थेतले त्याचे स्थान कळते. आठवडाभर शहराचे हाल झाले. त्याआधी २०२२ मध्ये पगार थकल्यामुळे चालकांना गाड्या आगारातच उभ्या कराव्या लागल्या होत्या. पुढे काही कंत्राटदार तोटा होतो म्हणून कराराची मुदत संपण्यापूर्वीच आपल्या गाड्या घेऊन निघून गेले.

तोट्याची ही तक्रार सर्वस्वी खोटी असेलच असे नाही. इंधन महागले, दर अपुरे पडले, हे खरे असू शकते. परंतु मग जोखीम कंत्राटदाराने पत्करली म्हणून सार्वजनिक संस्थेचा भार हलका झाला, हा जो युक्तिवाद २०१९ मध्ये केला गेला, त्याचे काय उरते? जोखीम आली त्या दिवशी कंत्राटदार गाडी घेऊन गेला, प्रवासी मात्र जागेवरच राहिला. ज्या संस्थेकडे स्वतःच्या गाड्या नाहीत तिने कंत्राट रद्द करण्याची धमकी दिली तर ती कंत्राटदाराला नव्हे, स्वतःलाच दिलेली असते. कंत्राटदाराला हे पक्के ठाऊक असते आणि बेस्टच्या अधिकाऱ्यांनाही. शिवाय या गाड्या निव्वळ खाजगी पैशाने आलेल्या आहेत असेही नाही. विजेवरील बसगाड्यांना केंद्राच्या 'फेम' योजनेतून अनुदान होते, आणि त्या उभ्या राहतात, चार्ज होतात त्या सार्वजनिक जमिनीवरील आगारांत. अनुदान जनतेचे, जमीन जनतेची, गाडी मात्र निघून जाण्यास मोकळी.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये एक नवे कलम आले. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल सदोष असल्याने कोणी मेले किंवा अपंग झाले तर संबंधित अधिकारी आणि कंत्राटदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माणसाच्या जिवाची ही किंमत कोणी ठरविली, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी निदान कंत्राटदार असे एक नाव त्या कलमात आहे. कामगारांपुरते बोलायचे तर १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात कंत्राटदाराने पगार बुडविला तर तो मूळ मालकाने द्यावा, अशी तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. ही तरतूद तीतही आहे, परंतु कायदा लागू होण्याची मर्यादा वीस कामगारांवरून पन्नासवर नेण्यात आली आहे. पोटकंत्राटांचे तुकडे पाडण्याची विद्या ज्यांना अवगत आहे त्यांना ही मर्यादा म्हणजे आमंत्रणच. मुख्य स्वरूपाच्या कामात कंत्राटी कामगार नकोत असेही संहिता म्हणते आणि लगेच अपवादही सांगते. बस चालविणे हे बस उपक्रमाचे मुख्य काम नव्हे, असे सिद्ध करू पाहणारा वकील उद्या उभा राहिला तर कोणी आश्चर्य मानू नये.

जाब विचारण्याची सर्वांत जवळची जागा महापालिकेचे सभागृह आणि बेस्ट समिती. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे मुंबईचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. आग, संप, कंत्राटदारांची माघार, कुर्ल्याचे मृत्यू आणि भाडेवाढ हे सारे या काळातच घडले. ज्यांना मते मागायला लोकांच्या दारी जावे लागते असा एकही माणूस त्या टेबलाशी बसलेला नव्हता.

म्हणून मागणी केवळ दंड वाढविण्याची असून भागणार नाही. बेस्टच्या मालकीच्या ३३३७ गाड्यांचा शब्द महापालिकेच्या अंदाजपत्रकातील तरतुदीने पाळला गेला पाहिजे. चालकाची परीक्षा आणि प्रशिक्षण कंत्राटदाराकडे न ठेवता बेस्टने आपल्याच प्रशिक्षकांकडून करावे आणि त्या दाखल्यावर बेस्टच्या अधिकाऱ्याची सही असावी. पोटकंत्राट बंद व्हावे. बेस्टचा चालक आणि भाड्याच्या बसचा चालक यांना एकाच कामाचे एकच वेतन मिळावे. मुदतीपूर्वी निघून जाणाऱ्या कंत्राटदाराच्या गाड्या ताब्यात घेऊन चालविण्याचा हक्क करारातच लिहिला जावा.

कार्यकर्त्यांना यासाठी मोर्च्याची वाट पाहण्याचे कारण नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून हाती आहे. आपल्या वस्तीजवळच्या आगारातून कोणत्या कंत्राटदाराच्या किती गाड्या सुटतात, गेल्या वर्षभरात किती फेऱ्या रद्द झाल्या, किती दंड आकारला आणि त्यातला किती प्रत्यक्ष वसूल झाला, चालकांचा भविष्यनिर्वाह निधी भरला गेला की नाही, एवढी माहिती एका अर्जाने मागता येते. उत्तर मिळाले की ते त्याच आगाराच्या फाटकावर, चालक आणि प्रवासी दोघांनाही वाचता येईल असे लावावे.