गृहप्रवेशाआधी दाराखालची फट



शहापूर-आसनगावकडे हल्ली आपल्यातल्या बऱ्याच जणी राहायला येतात. नव्या घराच्या खर्चाच्या यादीत पडदे, सोफा, मॉड्युलर किचन वर असतं. मी कॉमर्स शिकलेली बाई. मला हा क्रमच चुकीचा वाटतो.

इथे तानसा अभयारण्य जवळ. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की साप कोरडी जागा शोधतात. मण्यार रात्री फिरते, आणि तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही, झोपलेल्या माणसाला कळत नाही. म्हणून आधी दाराखालच्या फटीला रबरी पट्टी, मोरीच्या तोंडाला आणि खिडक्यांना जाळी, पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण. ‘आम्ही कोणाला मारत नाही’ एवढं म्हणून भागत नाही. साप घरात निघाला की शेजारीपाजारी काठ्या घेऊन धावतात, तेव्हा आपलं कोण ऐकतं? तो आत येऊच नये ही सोय करणं, हीच घर सांभाळणारीची अहिंसा. सामान लावण्याआधी सरसकट औषध फवारून घेतात, त्यापेक्षा तर कितीतरी बरी. (आणि स्वस्त!)

घर जुनं घेतलं असेल तर दाराचं लॅच बदलाच. आधीच्या किल्ल्या किती हातांत गेल्या, कोण सांगणार? गॅसची नळीही बदला. सुरक्षा नळी 5 वर्षांची असते, तारीख तिच्यावरच छापलेली असते. वायरमनला आरसीसीबी आहे का विचारा. असेल तर त्याचं टेस्टचं बटण स्वतः दाबून पाहा. खटका पडला नाही, तर तो तपासून बदलून घेतल्याशिवाय गीझर लावू नका.