हक्काचा प्रश्न, दयेचें उत्तर

धर्मोपदेशकांनीं राज्यकारभारांत तोंड घालूं नये, असें आमचे कांहीं शहाणे मित्र म्हणतात. त्यांनीं सन १५११ मधील हिस्पॅनिओला बेटावरील हकीकत पाहावी. सांतो दोमिंगो येथें मोंतेसिनोस या डोमिनिकन साधूनें भर प्रार्थनामंदिरांत स्पॅनिश वसाहतवाल्यांस विचारिलें कीं, येथील मूळ रहिवाशांस सोन्यासाठीं मरेपर्यंत राबविण्याचा हक्क तुम्हांस कोणीं दिला? गव्हर्नर दिएगो कोलंबस समोरच होता. शब्द मागें घ्या, असा गिल्ला झाला; पुढील रविवारीं साधूनें तेंच अधिक कडकपणें सांगितलें. वसाहतवाल्यांची फिर्याद घेऊन राजाकडे गेला तोही साधूच, मात्र फ्रान्सिस्कन पंथाचा!

निष्पन्न काय झालें? १५१२ चे बर्गोसचे कायदे. खाणींत ५ महिने राबल्यावर ४० दिवस विश्रांति, चार महिन्यांपुढील गरोदर बायकांस खाणीची माफी. वेठ मात्र कायम. हक्काचा प्रश्न विचारावा आणि दयेचें उत्तर पदरांत घ्यावें, हा अनुभव कोर्टाची पायरी चढलेल्यांस नवा नाहीं. तें प्रवचन आज आपणांस ठाऊक आहे तें लास कासास याच्या इतिहासामुळें. तो स्वतः पाद्री, आणि अशाच वेठबिगारांचा धनी. १५१४ सालीं त्यानें ते सोडून दिले.