अर्ध्या सेकंदाने टळलेला घाला
मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लिनक्स संगणकात दुरून लॉग-इन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले. मुळाशी जाताच ‘एक्सझेड’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आला. ‘जिया तान’ नावाने वावरणाऱ्याने दोन वर्षे मदत करून विश्वास संपादन केला होता. मूळ विकसक हा भार विनामोबदला, जवळपास एकट्याने वाहत होता. जबाबदारी वाटून देण्यासाठी त्याच्यावर दबावही आला. जगभरचे सर्व्हर ज्या साधनांवर विसंबतात, त्यांची राखण एखाद्याच्या फावल्या वेळावर सोपविणे धोक्याचे आहे. त्यावर व्यवसाय उभारणाऱ्या कंपन्यांनी या श्रमांचे मोल चुकते करायला हवे. दरवेळी अर्धा सेकंद धावून येईलच, असे नाही.