सूर्याच्या घड्याळाने मावळची सहल

पाऊस सुरू झाला की पुणे-मुंबईची कुटुंबे मावळाच्या वाटेला लागतात. लोणावळ्याच्या रस्त्यावर मोटारींच्या रांगा लागतात आणि भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. इंद्रायणीकाठचे आंबी गाव या गर्दीच्या बरेच अलीकडे, तळेगाव दाभाड्याजवळ आहे. औद्योगिक वसाहत आणि महाविद्यालये यांमुळे या परिसरात अनेक नोकरदार कुटुंबे स्थिरावली आहेत. रविवारी मुलांना कोठे न्यावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे असतो. रात्रिभोजन वर्ज्य असलेल्या घरी तर काय आणि केव्हा खावे, हाही.

उत्तर सोपे आहे: सहल सूर्याच्या घड्याळाने आखावी. सकाळी तळेगावहून लोकल पकडली की वडगाव, कान्हे, कामशेत ओलांडून मळवली येते. तेथून भाजे लेणी पायी गाठता येतात. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीच्या या बौद्ध लेण्यांतील चैत्यगृह आणि चौदा स्तूपांचा समूह मुलांना आवर्जून दाखवावा. मावळातच पाले गावाजवळच्या लेण्यात ‘नमो अरहंतानं’ या शब्दांनी आरंभ होणारा ब्राह्मी शिलालेख आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले. भदंत इंद्ररक्षित यांनी लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, करविल्याची नोंद त्यात आहे. पावसाळ्यात भ्रमण थांबवून एका ठिकाणी राहण्याची श्रमणांची रीत होती. डोंगरातील अशी लेणी त्या मुक्कामाचा आसरा होती.

भोजनासाठी मावळाची खरी देणगी म्हणजे इंद्रायणी तांदूळ. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली हा वाण दिला. त्याचा मऊ, सुवासिक भात, वरण आणि साजूक तूप एवढ्यावर जेवण पूर्ण होते. रस्त्याकडेला भाजलेले कणीस निःशंक घ्यावे. कच्च्या केळ्याची भजी मागितल्यास काही ठिकाणी मिळतात. मात्र कांदाभजीची कढई तीच असते, हे आधी विचारून घ्यावे. थेपले किंवा दशम्यांचा डबा बरोबर असल्यास हा प्रश्नच उरत नाही. जुलैत सूर्य सातनंतर मावळतो. साडेचारला मळवली सोडल्यास आंबीत घरचे जेवण उजेडी होते.

ही शिस्त केवळ व्रतापुरती नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी, आंबीच्या पुढे इंदुरीजवळ, कुंडमळा येथील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवारचेच होते. डोंगरमाथ्यावर पाऊस कोसळतो तेव्हा खाली आकाश मोकळे असू शकते. पाणी मात्र काही क्षणांत चढते आणि शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही. म्हणून प्रवाहात उतरू नये, गर्दीने भरलेल्या पुलावर थांबू नये आणि प्रशासनाची प्रवेशबंदी निमूट पाळावी. धबधबा काठावरूनही तितकाच सुंदर दिसतो.

राहता राहिली रात्र. मावळची सर्वांत देखणी रात्र पावसाच्या तोंडावर, मे अखेरीस आणि जूनच्या आरंभी, राजमाची परिसरात असते. तेव्हा काजव्यांनी झाडे लखलखतात. हा प्रकाश म्हणजे त्यांची जोडीदाराला घातलेली साद होय. विजेरी किंवा कॅमेऱ्याचा झोत पडला की ती साद हरवते. गवत तुडवले की त्यातील जीव चिरडतात. सायंकाळचे भोजन आटोपून, दिवे मालवून, पायवाट न सोडता शांत उभे राहणाऱ्यालाच हा उत्सव दिसतो. लहान मुलांना हे एकदा दाखवावे. अंधारात आवाज न करता उभे राहण्यातही आनंद असतो, हे त्यांना मग वेगळे सांगावे लागत नाही.