ग्रंथाला हार नको, वाचक हवा



वर्षावासाला आरंभ झाला की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील वाडीवाडीच्या विहारांत संध्याकाळी दिवे लागतात. त्रिसरण-पंचशील होते. मग कोणी तरी पुढे होऊन चौरंगावरचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ उघडतो आणि वाचू लागतो. दिवसभर भातलावणी करून कंबर मोडलेली माणसे, मांडीवर मूल घेऊन बसलेल्या माताभगिनी, भिंतीला टेकलेली म्हातारी माणसे ते वाचन ऐकतात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत हा क्रम चालतो. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याने तीन महिने नित्यनेमाने एका ग्रंथाभोवती जमावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. तिचा मला अभिमान आहे.

परंतु त्याबरोबरच एक कटू गोष्ट सांगणे मला प्राप्त आहे. आश्विन पौर्णिमा झाली की तो ग्रंथ स्वच्छ वस्त्रात गुंडाळला जातो, काचेच्या कपाटात ठेवला जातो, त्याला हार घातला जातो आणि पुढच्या आषाढापर्यंत त्याचे पान हलत नाही. घरी पाहावे तर दुसरे पुस्तक म्हणजे मुलाचे परीक्षेचे गाईड. पूर्वी आपल्या घरी पोथी होती. ती समजली नाही तरी ऐकल्याने पुण्य लागते, असे सांगितले जाई. पोथीच्या जागी आता ग्रंथ आला; पण ऐकण्याची रीत जर तीच राहिली, तर आपले धर्मांतर कपाटापर्यंत आले आणि तेथेच थांबले, असे म्हणावे लागेल.

हे मी निष्कारण म्हणत नाही. काही दिवसांपूर्वी एक नवदीक्षित कुटुंब माझ्याकडे आले. आईवडील, बारावीत शिकणारा मुलगा आणि त्याची धाकटी बहीण. दीक्षा घेऊन त्यांना वर्षही झाले नव्हते. गावातील कोणी तरी त्यांना सांगितले होते की, 'तुम्ही बौद्ध झालात, आता तुमचा अनुसूचित जातीचा हक्क गेला, मुलांची शिष्यवृत्ती बंद होणार.' बापाच्या तोंडचे पाणी पळाले होते. 'वकीलसाहेब, आम्ही चूक तर केली नाही ना?' असे त्याने विचारले, तेव्हा माझ्या मनाला फार लागले. धम्म स्वीकारल्याबद्दल एका बापाने चुकल्यासारखे उभे राहावे, एवढी शक्ती एका अफवेत होती!

मी उत्तर दिले नाही. कपाटातून पुस्तक काढले, संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० हे पान उघडले आणि मुलाच्या हाती दिले. त्यातील तिसरा परिच्छेद त्याने मोठ्याने वाचला. मूळच्या आदेशात हा दर्जा हिंदू धर्म मानणाऱ्यांपुरता होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध आले. महाराष्ट्र शासनाने तर १९६० सालीच राज्याच्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या होत्या. मुलाचे वाचन संपेपर्यंत बापाचा चेहरा बदलला होता. जी भीती त्यांनी कित्येक रात्री उराशी बाळगली, ती अर्ध्या पानाच्या वाचनाने गेली. उठताना तो म्हणाला, 'हे पुस्तक आमच्या घरी असते तर?' त्या प्रश्नातूनच हा लेख जन्मला आहे.

वाचकहो, कोर्टात एक नियम नित्य अनुभवास येतो. सत्य एकाच प्रकारच्या पुराव्याने क्वचितच पूर्ण सिद्ध होते. दस्तऐवज एक गोष्ट सांगतो, डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार दुसरी सांगतो, तज्ज्ञ तिसरी सांगतो, आणि उलटतपासणीत चौथीच बाहेर पडते. पुस्तकांचेही असेच आहे. कायद्याचे पुस्तक जे देते ते कविता देत नाही. कविता जे देते ते इतिहास देत नाही. माणूस म्हणून उभे राहण्यासाठी या सर्वांची गरज आहे. म्हणून माझे म्हणणे एवढेच की, बौद्ध घरात एकच पूज्य ग्रंथ असून भागणार नाही. तेथे नाना प्रकारची पुस्तके हवीत आणि ती वाचली गेली पाहिजेत.

कोणी म्हणेल, धम्मग्रंथ असताना इतर पुस्तके कशाला? त्याने त्रिपिटकाकडेच पाहावे. विनयपिटक हा संघाचा कायदा आहे. सुत्तांमध्ये प्रश्नोत्तरे आणि वादसंवाद आहेत. जातकांत पाचशेहून अधिक कथा आहेत. धम्मपद पद्यात आहे. थेरीगाथेत घरादाराच्या जाचातून मुक्त झालेल्या भिक्षुणी स्वतःच्या मुक्तीविषयी स्वतःच्या शब्दांत बोलतात. कायदा, संवाद, कथा, काव्य आणि आत्मकथन हे सारे तथागतांच्या शासनाने आपल्या पोटात सामावून घेतले. आणि कालामांना भगवंतांनी काय सांगितले? परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काहीही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. ज्याने एकच पुस्तक पाहिले, त्याने पारखावे कशाशी?

बाबासाहेबांचे जीवन तर या बाबतीत आपला धडाच आहे. ते आपल्याच मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावच्या घराण्यातले. लहानपणी वडिलांच्या आग्रहाने रामायण-महाभारताचे वाचन घरी होत असे आणि त्यावर ते प्रश्न विचारीत. विद्यार्थिदशेत त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. हे केळुसकर वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे, म्हणजे त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. एका शिक्षकाने एका मुलाला दिलेले ते पुस्तक पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांच्या आयुष्यात उघडले गेले. धर्मानंद कोसंबींच्या बाबतीत तर 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातील बुद्धाविषयीचा मजकूर निमित्त झाला आणि गोव्यातील तो तरुण पालीच्या शोधात घराबाहेर पडला. कोणते पुस्तक कोणाला कोठे नेईल, हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच घरात पुष्कळ पुस्तके असावीत.

आता कोणती पुस्तके काय देतात, ते थोडक्यात पाहू.

पहिले, कायदा आणि संविधान. ही पुस्तके कोरडी असतात, हे खरे. पण अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, हे ज्या घरातील मुलीने स्वतः वाचले आहे, तिला पाणवठ्यावर कोणी मागे सरकण्यास सांगितले तर ती मागे सरकणार नाही. हक्क माहीत नसणे आणि हक्क नसणे, यांत व्यवहारात फारसा फरक उरत नाही.

दुसरे, इतिहास आणि चरित्र. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन आपल्या दापोलीस राहिले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा. म्हणजे त्यांच्या जन्मापूर्वीच आपल्या जिल्ह्यातून एक महार पेन्शनर शास्त्राला लेखी जाब विचारीत होता. हे किती मुलांना ठाऊक आहे? चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये काढला आणि ते काम बारा खंडांपर्यंत गेले. धनंजय कीर यांचे बाबासाहेबांवरील मराठी चरित्र १९६६ चे. कीर हे तर रत्नागिरीतच जन्मलेले. आपण कोठून आलो हे ज्याला माहीत नाही, त्याला कोणीही कोणतीही वंशावळ चिकटवू शकतो.

तिसरे, आत्मकथन. हा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होय. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ चे. आपल्या रत्नागिरीच्या मातीत वाढलेल्या ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. ज्या आईने सुपे-टोपल्या विणून लेकरे वाढवली, तिच्या हातांचे ते पुस्तक आहे. माताभगिनींनो, हे पुस्तक आपण अवश्य वाचा. जे आपण लाजेने झाकून ठेवतो, ते कोणी तरी मान वर करून लिहिले आहे, हे पाहिल्यावर लाज आपली राहत नाही. ती ज्यांनी छळले त्यांच्याकडे जाते.

चौथे, कथा, कादंबरी आणि काव्य. कित्येक वडीलधाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मी त्यांना रत्नागिरीचा थिबा राजवाडा दाखवीन. ब्रह्मदेशाच्या या बौद्ध राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले, पुढे येथे आणून ठेवले आणि १९१६ मध्ये तो येथेच मरण पावला. इतिहास एवढे सांगतो. पण राज्य गेलेल्या माणसाने या टेकडीवरून रोज समुद्र पाहिला तेव्हा त्याच्या मनात काय चालले असेल, हे कळण्यासाठी अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' (२०००) सारखी कादंबरी लागते. अण्णा भाऊ साठे यांची १९५९ ची 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) मधील कथा आपल्या मनातील भीती आपल्यासमोर ठेवतात. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह तर १८५४ चा. दुसऱ्याच्या दुःखात शिरून पाहण्याची सवय साहित्य लावते; आणि करुणा म्हणजे याहून निराळे काय आहे?

पाचवे, विज्ञानाची आणि आरोग्याची पुस्तके. बावीस प्रतिज्ञा आपण घेतल्या. पण मूल तापाने फणफणले की अजूनही काही घरांतून भगताकडे पाऊल वळते. प्रतिज्ञा तोंडपाठ असून भागत नाही; ताप कशाने येतो, हे कळावे लागते.

सहावा प्रकार सांगताना काही वाचकांचा रोष मी पत्करतो. विरोधी विचारांची आणि इतरांची पुस्तकेही आपण वाचली पाहिजेत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. ते ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले, त्या पुरुषाने ती स्मृती तिच्या अभिमान्यांपेक्षा अधिक काळजीपूर्वक वाचली होती. प्रतिपक्षाचा कागद न वाचता कोर्टात उभा राहणारा वकील पक्षकाराचा घात करतो. आणि इतरांची सारी पुस्तके वैऱ्याचीच असतात असेही नाही. दापोली तालुक्यातील पालगडच्या साने गुरुजींचे 'श्यामची आई' (१९३५) घ्या. त्यात आई श्यामला एका महार म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला पाठवते, आणि घरी येऊन अंघोळ करायलाही सांगते. आपल्या मुलाने हे पान वाचावे. त्या माउलीची दया त्याला दिसावी आणि त्या अंघोळीतील विटाळही दिसावा. दोन्ही ज्याला दिसले, तो खरा वाचक झाला.

आता दोन अडचणी नेहमी सांगितल्या जातात. पैसा नाही, आणि वेळ नाही. पैशाविषयी म्हणाल, तर रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावी अनुदानित वाचनालये झाली. शासनाच्या पैशावर चालणाऱ्या सार्वजनिक जागेत जातीमुळे कोणाला अडवता येत नाही, हे अनुच्छेद १५ चे सांगणे आहे. त्या दारातून आत जाणे हाही हक्क बजावण्याचाच एक प्रकार होय. वेळेविषयी काय बोलावे? पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, विलायतेहून येणारे बाबासाहेबांचे सामान घेऊन निघालेली बोट बुडाली आणि कष्टाने जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. त्यांनी पुन्हा जमवायला सुरुवात केली आणि पुढे दादरला राजगृह बांधले ते हजारो पुस्तकांना जागा व्हावी म्हणून. आपण दिवसाची दहा पाने तरी त्यांच्या नावाने वाचू शकतो.

माझी सूचना साधी आहे. वर्षावासातील ग्रंथवाचन जरूर चालू ठेवा. परंतु रोजच्या वाचनानंतर पाव तास प्रश्नांना द्या आणि पहिला प्रश्न एखाद्या मुलीला विचारू द्या. विहारातील कपाटाचे कुलूप काढा. मुंबईचे चाकरमानी बुद्धपौर्णिमेला गावी येतात, त्यांनी मिठाईच्या पुड्याबरोबर एक पुस्तक आणावे, आणि दर वर्षी ते निराळ्या प्रकारचे असावे. लग्नात, नामकरणात, गृहप्रवेशात पुस्तक द्यावे. ज्यांना अक्षर येत नाही अशा वडीलधाऱ्यांना नातवंडांनी वाचून दाखवावे.

त्या दिवशी आलेल्या कुटुंबाला मी तो आदेश एका कागदावर उतरवून दिला. परवा तो मुलगा पुन्हा भेटला. ज्याने अफवा सांगितली होती, त्याला त्याने तो कागद वाचून दाखवला होता. मी विचारले, 'मग तो काय म्हणाला?' मुलगा हसून म्हणाला, 'काही नाही. पुन्हा एकदा वाच म्हणाला.'

ग्रंथाचा खरा सन्मान असा होतो. हार सुकतो, वाचलेले टिकते.

जय भीम.