झगा भाड्याचा, गोष्ट कुणाची?

मंडळी, परवा आयर्लंडहून नातीचा फोटो आला. ती तिकडे आयरिश नाच शिकते. तिच्या झग्यावर चार हंस भरलेले. म्हटलं, "हंसच का गं?" तर म्हणाली, "आजी, लिर राजाची गोष्ट आहे. सावत्र आईने त्याच्या चार मुलांचे हंस केले, तब्बल ९०० वर्षं! पण त्यांचं गाणं तेवढं शाबूत राहिलं."

तिकडची मुलं अशी आपली गोष्ट अंगावर घालून नाचतात. कौतुक वाटलं. आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात, तुळजाभवानीच्या पायाशी, शाळेच्या स्नेहसंमेलनात गोंधळ हमखास असतो. कपडे मात्र भाड्याचे! चकचकीत सॅटिनचा झगा, डिंकाने चिकटवलेल्या टिकल्या, प्लास्टिकच्या कवड्या. आज गोंधळी, उद्या त्याच झग्यात वासुदेव.

मीही शिक्षिका असताना हेच केलं. एका वर्षी वर्गातला गोंधळ्याचा मुलगा वडिलांचा झगा घेऊन आला. सुती, धुऊन धुऊन विटलेला; कवड्यांची माळ मात्र खरी. "स्टेजवर उठून दिसणार नाही" म्हणून मीच तो परत पाठवला. पोरगा त्या दिवशी नाचला नाही. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

म्हणून आता ठणकावून सांगते, गोंधळाचा झगा आपणच बेतावा, आणि गोष्टीवरून बेतावा. परशुरामाने बेटासुराला मारलं, त्याच्या मुंडक्याचं वाद्य केलं आणि ते वाजवत आई रेणुकेला नमन केलं, अशी गोंधळाची जन्मकथा गोंधळी सांगतात. मग छातीवर संबळ भरा. घेरावर दिवटीच्या ज्योती भरा, गिरकी घेतली की त्या फिरतील. कवड्या गळ्यात आणि खांद्यावर असू द्या. घेराला लावल्या तर नडगीवर आपटतात. आणि कापड सुतीच हवं. गोंधळात दिवटी पेटती असते. सिंथेटिक कापडाला ठिणगी लागली तर ते वितळून कातडीला चिकटतं. हा काही नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही!

कोणी म्हणेल, पाच मिनिटांच्या नाचाला एवढा खर्च कशाला? अहो, भाडं दरवर्षी भरताच ना? एकदा शिवलेला झगा शाळेच्या कपाटात वर्षानुवर्षं राहील. भरतकाम कोण करणार? आपल्या जिल्ह्यात बंजारा तांडे आहेत. आरसे, कवड्या आणि रंगीत दोरा त्या बायकांच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांना बोलवा, पण रीतसर मजुरी देऊन.

आणखी एक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात तगर नगरीचं नाव आहे. तगर म्हणजे आपलं तेर. तिथून गाड्या भरभरून कापड भडोच बंदराला जाई. ज्या मातीने परदेशाला कापड पुरवलं, तिथल्या पोरांनी देवीपुढे भाड्याचं सॅटिन घालून नाचावं?

आणि बेतायला बसाल तेव्हा आधी एखाद्या गोंधळ्याला विचारा. गोष्ट त्याची आहे. मी विचारलं नव्हतं.

असो. तुमच्या गावच्या शाळेत काय चालतं, तेही कळवा.