जर्सीवरचे नाव, पालकांचा हप्ता

‘बायजूज’चे मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर होते आणि तिचे नाव भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर झळकत होते. जुलै २०२४ मध्ये त्याच क्रिकेट मंडळाच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीपायी कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. २०२१-२२ चे हिशेब लांबल्याचे सांगून लेखापरीक्षक वर्षभर आधीच पायउतार झाले होते. तोवर गुंतवणूकदारांनी मूल्यांकनाला आणि पालकांनी जर्सीला हमी मानले होते. दिवाळखोरी संहितेतील २०१८ च्या दुरुस्तीने घरखरेदीदारांना वित्तीय धनकोंचा दर्जा दिला; कर्ज काढून शिकवणीचे शुल्क आगाऊ भरणाऱ्या पालकांना मात्र तो नाही. आता ‘क्रांती’ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने दारात उभी आहे. आगाऊ शुल्कावर मर्यादा घालणे हे सरकारचे काम. जाहिरातीआधी ताळेबंद पाहणे आपले.